लेले सरांचा अधिक एक

भारतीय गणिताच्या इतिहासात उज्जैनचं स्थान अढळ आहे. जगाची मध्यरेषा एके काळी आमच्या गावावरून जात असे आणि सूर्यचंद्रांचे हिशेब इथल्या मध्यान्हाला धरून होत असत, हे आम्ही पाहुण्यांना स्टेशनवरून घरी नेतानाच सांगून टाकतो. या थोर परंपरेतला अलीकडचा शोध माधवनगरमधल्या एका शाळेच्या स्टाफरूममध्ये, कचोऱ्या यायला उशीर झाला म्हणून, लागला.

कचोऱ्यांबद्दल दुमत नाही. बाकी सगळ्याबद्दल आहे.

शोध लावणाऱ्यांपैकी एक वामन लेले आणि दुसरे गिरधारीलाल त्रिवेदी. त्रिवेदीजींना मी 'दुसरे' म्हटलेलं लेले सरांना आवडलं असतं. त्यांना स्वतःला 'शोध लावणाऱ्यांपैकी एक' म्हटलेलं आवडलं नसतं. दोघंही आमच्या शाळेत गणित शिकवत. लेले सर वरच्या वर्गांना, त्रिवेदीजी मधल्या वर्गांना. मी इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे दोघंही मला निरुपद्रवी समजत.

लेले सर उंच होते आणि फळ्यावर खालच्या ओळी लिहून लिहून खांद्यातून वाकले होते. बुशशर्टाच्या खिशात कायम खडू. खिशाचा तळ त्यामुळे पांढरा, आणि वहिनींनी कितीही धुतला तरी पांढराच. निवृत्त झाल्यावरही खडू गेला नाही. मी एकदा विचारलं, "सर, आता कशाला?" तर म्हणाले, "बाई, फौजी रिटायर झाला की मिशी काढतो का?"

कुठलीही गोष्ट पार पडली की ते "इति सिद्धम्" म्हणत. फळ्यावरचं उदाहरण सुटलं की म्हणत, सायकलचं कुलूप उघडलं की म्हणत, जेवण संपलं की ढेकर देऊन म्हणत. त्यावर वहिनी स्वयंपाकघरातून म्हणत, "सिद्ध झालं असेल तर ताट उचला."

त्यांचा देवावर फारसा विश्वास नव्हता, पण शून्याने संपणाऱ्या आकड्यावर अजिबातच नव्हता. आहेराच्या पाकिटात वर एक रुपया सगळेच घालतात. लेले सरांनी तो रुपया आयुष्यभर सगळीकडे घातला. दहा जणांना जेवायला बोलावलं की ताटं अकरा मांडायची. वर्गात दहा उदाहरणं दिली की अकरावं द्यायचं, त्याला ते 'शगुनाचं' म्हणत. मुलं या शगुनाला फार घाबरत, कारण ते सगळ्यांत कठीण असे. सत्तरी त्यांनी साजरी केली नाही. एकाहत्तरी केली. असं का, म्हणून विचारलं तर म्हणत, "गोल आकडा म्हणजे दरवाजा बंद. वर एक घातला की फट राहते. माणसाने फट ठेवावी." गणिताच्या शिक्षकाने असं बोलावं याचं मला नवल वाटे. पण आमच्या शाळेत विज्ञानाचे सर परीक्षेला जाताना मांजर आडवं गेलं तर घरी परत जात, तेव्हा एकूण पाहता लेले सर विवेकीच म्हणायचे.

त्यांच्या विवेकाचा खरा कस श्रावणात लागे. उज्जैनच्या मराठी घरांना दोन पंचांगांत राहावं लागतं. आमचा महिना अमावास्येला संपतो, हिंदी शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात सगळी गल्ली एका महिन्यात असते, आणि वद्य पक्ष लागला की शेजारी एक महिना पुढे निघून जातात. त्यांचा सावन लागतो तेव्हा आमचा आषाढच चाललेला असतो. त्यांचा सावन राखीला संपतो, आमचा श्रावण पुढे पंधरा दिवस चालू. बाकीची मराठी घरं आपापला श्रावण पाळत. लेले सर दोन्ही पाळत. सावन लागला की शेजारच्या घरी फराळाला, तो संपला की स्वतःच्या घरी. वहिनी म्हणत, "दीड महिना उपास करतोय हा माणूस, आणि पँटी सैल करून द्याव्या लागतायत."

एवढं पंचांग ज्याच्या पोटात होतं, त्या माणसाचं पुढे पंचांगामुळेच असं व्हावं, हे मला अजून पटत नाही.

तर शोध. तो मला लेले सरांनी शाळेच्या व्हरांड्यात, खांबावर खडूने लिहून समजावला.

"कोणत्याही चार लागोपाठच्या संख्या घ्या बाई. गुणा. वर एक घाला. वर्ग येतो. कायम. बिलकुल चुकत नाही."

दोन, तीन, चार, पाच. गुणाकार एकशेवीस, वर एक, एकशेएकवीस. अकराचा वर्ग. तीन, चार, पाच, सहा. तीनशेसाठ, वर एक, एकोणिसाचा वर्ग. तो अकरा आधीच कसा ओळखायचा, तेही त्यांनी दाखवलं. कडेच्या दोन संख्यांचा गुणाकार दहा, मधल्या दोघांचा बारा, आणि त्यांच्या बरोबर मधे बसतो तो अकरा. मी घरी जाऊन सात, आठ, नऊ, दहा करून पाहिलं. बरोबर निघालं. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. आधीच पुरेसे फुगले होते.

हे मी लग्नाच्या रजेवरून परत आले त्याच आठवड्यात झालं. त्याच आठवड्यात त्रिवेदीजींनी मला गाठून तेच सगळं, त्याच खांबाच्या दुसऱ्या बाजूवर लिहून, समजावलं. आणि त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की रजेवर जाण्यापूर्वी एका डब्यात जेवणारे हे दोघं आता एकमेकांशी बोलत नाहीत.

ते पुढे कित्येक वर्षं बोलले नाहीत. म्हणजे अबोला होता असं नाही. संक्रांतीला लेल्यांकडून तिळगूळ जाई, दिवाळीला त्रिवेदींकडून मावाबाटी येई. निवृत्तीनंतर दोघं रोज संध्याकाळी माधवनगरच्या बागेत एकाच बाकावर बसत, दोन टोकांना. मधे मी. दहा आणि बारा यांच्यामधे अकरा बसतो तशी. दोघांनाही दोन्ही भाषा उत्तम येत, तरी सगळं बोलणं माझ्यामार्फत होई.

"बाई, त्यांना सांगा, माझा शोध माघातला आहे."

"मैडम जी, इनसे कहिए, हमारा फागुन का है. और फागुन के पहले इनको इसका अता-पता नहीं था."

"माघ फाल्गुनाच्या आधी येतो, एवढं तरी मान्य आहे का विचारा."

"बिलकुल मान्य है. इसीलिए तो इन्होंने माघ चुना है."

वर्ष कोणतं याबद्दल वाद नव्हता, माझ्या लग्नाचं. वाद महिन्याचा होता. तारीख दोघांपैकी कोणीच सांगत नसे. लेले सरांचं म्हणणं असं की इंग्रजी तारीख सांगितली की माणूस पुरावा मागतो, महिना सांगितला की मान डोलावतो. मग निदान तिथी सांगा, म्हटलं तर खिशावर हात ठेवत. "तो हुकमाचा पत्ता आहे, बाई. शेवटी टाकायचा." त्रिवेदीजींकडेही तसाच पत्ता होता. "वक्त आने पर," ते म्हणत आणि बागेच्या फाटकाकडे बघत, जणू वक्त तिथून आत येणार होता.

त्रिवेदीजींचे थोरले भाऊ रामघाटावर पुरोहित. त्यामुळे त्यांचा युक्तिवाद घाटावरचा असे. "मैडम जी, हमारे यहाँ सीधा नियम है. जजमान रिक्शे से उतरा, जिसने पहले पूछा कि कहाँ से पधारे, जजमान उसका. बाद में आप कितना भी हाथ पकड़ो."

"त्यांना सांगा," लेले सर म्हणाले, "माझा यजमान रिक्षातून उतरलाच नव्हता. तो माझ्या घरी जन्मला."

"तो फिर जन्म की तिथि बता दें."

यावर लेले सरांनी खिशावर हात ठेवला.

एका गुढीपाडव्याला मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला इंदूरहून गणिताचे एक प्राध्यापक पाहुणे म्हणून आले. भाषण संपून ते श्रीखंडाची वाटी घेऊन उभे राहतात तोच लेले सरांनी त्यांना कोपऱ्यात घेतलं आणि कागदी प्लेटच्या मागच्या बाजूवर शोध लिहून दाखवला. प्राध्यापक सज्जन होते. त्यांनी प्लेट पाहिली, श्रीखंडाचा एक चमचा घेतला आणि म्हणाले, "हो, हो. हे सगळ्यांना माहीत आहे. पुष्कळ जुनं आहे हे."

लेले सरांचा चेहरा मी पाहत होते. मला वाटलं, आता संपलं.

"ऐकलंत बाई?" ते माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं. "सगळ्यांना माहीत आहे! इंदूरपर्यंत पोचलंय!"

"जुनं आहे म्हणाले, सर."

"जुनं आहेच की. किती वर्षं झाली आपल्याला!"

दुसऱ्या दिवशी बाकावर मी हे त्रिवेदीजींपर्यंत पोचवलं. "जब सबको मालूम है," ते म्हणाले, "तो इन्होंने ये पूछा क्या, कि सबको बताया किसने?"

अशा प्रकारे हा शोध जगाला आधीच ठाऊक आहे ही बातमी उज्जैनात येऊन दोघांची बाजू भक्कम करून गेली.

एकाहत्तरीच्या वेळी मंडळ शाल देणार होतं. साधी शाल लेले सरांना पुरेशी वाटली नाही. त्यांनी भैरवगढला जाऊन एका छापखान्यात चादर छापायला टाकली. कडेने वेलबुट्टी आणि मधे ठसठशीत आकडे: पंचवीस, एकशेएकवीस, तीनशेएकसष्ट, आठशेएक्केचाळीस. लाकडी ठसा कापडावर उमटतो तो उलटा, म्हणून आकडे ठशात उलटे कोरावे लागतात. हे तिथे त्यांना सांगितलंही गेलं. पण आपला शोध आपल्या डोळ्यांदेखत कोणी उलटा कोरतंय हे त्यांना सहन होईना. "सीधा काटो भई, सीधा! मैं मास्टर हूँ!" कारागीर म्हणाला, "जैसी आपकी मर्जी, मास्साब." आणि त्याने सरळ कोरले.

समारंभाला त्रिवेदीजी आले, पहिल्या रांगेत बसले, जेवताना दोनदा रसमलाई घेतली. मग चादरीसमोर उभे राहून मान एकदा इकडे, एकदा तिकडे कलती करून पाहिली आणि मला म्हणाले, "मैडम जी, इनसे कहिए, प्रमेय बहुत बढ़िया है. साथ में आइना भी मिल जाता तो क्या बात थी."

लेले सर खळखळून हसले. मग कोण बोललं हे लक्षात आल्यावर थांबले.

तीन-चार वर्षांपूर्वी शाळेत 'गणित वाटिका' झाली. म्हणजे मागच्या अंगणात तुळशी, सदाफुली आणि झेंडू लावून त्यांच्यामधून भिंतीवर त्रिकोण, वर्तुळं आणि पाढे रंगवले. त्या भिंतीचा एक तुकडा 'हमारे विद्यालय का योगदान' म्हणून ठेवला होता. नवे प्राचार्य शुक्लाजी उत्साही गृहस्थ. त्यांनी शाळेतल्या कुणाकुणाकडून या शोधाबद्दल ऐकलं आणि त्यांना तो फार आवडला. फक्त नाव कुणाचं लिहायचं हे कळेना. दोघांकडून दोन उत्तरं आली. शेवटी शुक्लाजींनी मला फोन केला. "मैडम, या तो एक नाम तय करवाइए, या दोनों को साथ बिठाइए. मंगलवार को पेंटर आ रहा है. नहीं तो वहाँ मैं हाथ धोने के सही तरीके बनवा दूँगा."

हे सांगायला मी लेल्यांकडे गेले. वहिनी तोवर गेल्या होत्या. सर एकटेच होते, अंगणात तुळशीला पाणी घालत होते. ऐकून घेतलं, लोटा खाली ठेवला आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलले.

"बाई, पाढे सगळ्यांना येतात. कोणी शिकवले, ते आठवतं का कोणाला? माझ्या पोरांनी पूल बांधले. पुलावर नाव मंत्र्याचं. आता मला एक ओळ हवी. शाळेच्या भिंतीवर, माझ्या नावाची. एकट्याच्या. त्रिवेदींना तिळगूळ आहे, दिवाळी आहे, बाक आहे. ओळ नाही."

या वेळी त्यांनी मला काहीही सांगायला सांगितलं नाही. "सोमवारी मीच येतो," म्हणाले. "पत्ता टाकतो."

सोमवारी शुक्लाजींच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. लेले सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, खिशात नवा खडू. त्रिवेदीजी जाकीट घालून आले होते. शुक्लाजींनी पाणी दिलं आणि सरळ मुद्द्यावर आले. "तारीख बता दीजिए दोनों. जिसकी पहले, उसका नाम. इसमें क्या है."

लेले सर उभे राहिले. फळ्यासमोर उभे राहत तसे.

"माघ वद्य द्वितीया," ते म्हणाले.

त्रिवेदीजींनी ते पूर्ण होण्याची वाटही पाहिली नव्हती. त्यांचाही पत्ता त्याच वेळी पडला. "फागुन बदी दूज!"

शुक्लाजींनी कागदावर लिहून घेतलं. "तो माघ पहले," ते म्हणाले. "लेले सर का."

शुक्लाजी एकाच पंचांगात वाढलेले. त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. आम्हा तिघांना दिसत होतं. वद्य पक्षात शेजारी एक महिना पुढे असतात. आमची माघ वद्य द्वितीया आणि त्यांची फागुन बदी दूज म्हणजे एकच दिवस. एकच दुपार. दोन्ही घरचे श्रावण जेवणाऱ्या माणसाला हे इतकी वर्षं दिसलं नव्हतं, कारण इतकी वर्षं दोघांनी आपापली तिथी खिशात दाबून ठेवली होती.

शुक्लाजी पेन उचलून थांबले होते. लेले सरांनी मान हलवली असती तर ओळ त्यांची होती.

"लेले जी," त्रिवेदीजी म्हणाले. माझ्यामार्फत नव्हे. सरळ. "उस दिन कचौरी देर से आई थी."

लेले सरांनी खिशावरचा हात काढला. "हो," ते म्हणाले. "आली होती."

मग ती दुपार बाहेर आली. कधी यांच्या तोंडून, कधी त्यांच्या, एकमेकांची वाक्यं तोडत. स्टाफरूममध्ये दोघंच होते. टेबलावर माझ्या लग्नाच्या आहेराचं पाकीट होतं, स्टाफने जमवलेलं.

"मैंने कहा, एक सौ बीस! दो, तीन, चार, पाँच का गुणा. क्या सुंदर संख्या है."

"मी म्हटलं, सुंदर कसली? शून्याचा आहेर देतात का कोणी? वर एक घाला."

"और अपनी जेब से घाला भी इन्होंने. तब मैंने कहा, अरे, ये तो ग्यारह का वर्ग हो गया."

"मग मी म्हटलं, तीनपासून करून बघा."

"वो मैंने कहा था."

"बरं, तुम्ही म्हटलं. वर एक मी घातला."

कचोऱ्या येईपर्यंत दोघांनी टेबलभर आकडे मांडले होते आणि एकही चुकला नव्हता. शोध कुणाचा, हा प्रश्न कचोऱ्या खाताना निघाला. चटणी संपायच्या आत भांडण झालं होतं.

मला ते पाकीट आठवलं. सासूबाईंनी उघडून पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "एकशेएक समजू शकते, एकशेएक्कावन्न समजू शकते. एकशेएकवीस हा कसला आकडा? तुझ्या शाळेतले लोक बरे आहेत ना?"

शुक्लाजींना एवढं कळलं की आता नावं दोन झाली आहेत. "ठीक है, दोनों का. पहले किसका लिखवाऊँ?"

त्रिवेदीजी लेले सरांकडे पाहत नव्हते, टेबलावरच्या काचेखालच्या वेळापत्रकाकडे पाहत होते. लेले सर बसले होते ते पुन्हा उठले. खिडकीकडे पाहून, शिकवण्याच्या आवाजात म्हणाले, "गुणा पहले होता है. जोड़ बाद में. नियम है." मग शुक्लाजींकडे वळले. "गुणा इनका था. त्रिवेदी-लेले लिखिए."

त्यांनी 'इति सिद्धम्' म्हटलं नाही. मी ऐकलेली ही एकच वेळ.

मंगळवारी पेंटर आला. दोघांची नावं घालायची म्हटल्यावर शुक्लाजींनी ती नीट घातली: दोन्हींच्या आधी 'आदरणीय', दोन्हींच्या नंतर 'सेवानिवृत्त वरिष्ठ शिक्षक'. अक्षरं मोठी, निळी, पांढऱ्या कडांची. त्यापुढे सूत्र. भिंतीच्या उजव्या टोकाला गच्चीवरून येणारा पावसाच्या पाण्याचा पाइप आहे. पेंटरने अकराचा वर्ग, बरोबरचं चिन्ह, दोन गुणिले तीन गुणिले चार गुणिले पाच इथवर लिहिलं आणि पाइप आला. मग त्याने ब्रश धुतले.

म्हणजे भिंतीवर त्रिवेदीजींचा गुणाकार आला, लेले सरांचं नाव आलं, आणि लेले सरांचा एक राहिला. शिवाय जे लिहिलं होतं ते चूक होतं. शुक्लाजी म्हणाले, पेंटरचं बिल पास झालंय, पुढच्या वर्षी बघू.

मला वाटलं होतं, सर आता शाळा डोक्यावर घेतील. त्यांनी भिंत वाचली, पाइप पाहिला, खिशातून खडू काढला आणि पाइपावर लिहिलं: + 1.

त्यानंतर ते रोज सकाळी शाळेत जात. माळी नळी लावून झेंडूला पाणी घाली, पाइपावर पाणी उडे, एक पुसला जाई. सर दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. आषाढातली सकाळ होती, छत्री काखेत होती. एका हाताने भिंतीचा आधार घेऊन दुसऱ्या हाताने त्यांनी अधिकचं चिन्ह काढलं, मग एक. दोन पावलं मागे आले, डोळे बारीक करून पूर्ण ओळ वाचली, मागच्या बाकावरून दिसतंय का हे पाहावं तशी. बोटं झटकली. मी फाटकाशी उभी आहे हे दिसल्यावर म्हणाले, "आता बरोबर आहे, बाई. इति सिद्धम्."

गुरुपौर्णिमेला जुन्या विद्यार्थ्यांचे फोन घेऊन झाले आणि दोन-तीन दिवसांनी ते गेले. दहाव्याचे विधी रामघाटावर झाले. मुलगा पुण्याहून आला होता. विधी सांगायला त्रिवेदीजींचे भाऊ होते. संकल्पात महिना घ्यायची वेळ आली तेव्हा ते सवयीने सावन म्हणाले. मुलगा म्हणाला, "आषाढ आहे, गुरुजी." भाऊ म्हणाले, "भैया, सावन तो कब का लग गया." दोघांचं खरं होतं. मुलगा पाण्यात हात धरून बसून राहिला.

त्रिवेदीजी पायरीवर, चपला हातात धरून, उभे होते.

"आषाढ़ बोलो, दादा," ते म्हणाले. "ये हमसे हमेशा एक महीना पहले थे. मान लिया हमने."

वद्य पक्षापुरतं ते खरंच होतं. भाऊंनी आषाढ म्हटलं.

चौदाव्या दिवशी सकाळी मी शाळेवरून जात होते. पाइपाशी त्रिवेदीजी होते. जाकिटाच्या खिशातून खडू काढून त्यांनी लिहिलं, + 1. मी पाहतेय हे लक्षात आल्यावर थोडे ओशाळले. "क्या करें, मैडम जी," म्हणाले, "इसके बिना गलत है." आता ते रोज जातात. त्यांच्या खिशाचा तळही पांढरा झालाय, असं त्यांच्या सूनबाई सांगतात.

शुक्लाजींची गेल्या वर्षी बदली झाली. नव्या प्राचार्यांनी गणित वाटिकेत सायकल स्टँड केला आणि भिंत नव्याने रंगवून घेतली. पाइप तसाच आहे. जिथे सूत्र होतं तिथे आता 'यहाँ थूकना मना है, जुर्माना 500 रुपये' असं लिहिलंय. त्रिवेदीजींनी खडू सोडलेला नाही, त्यामुळे दंड सध्या पाचशेएक आहे.